माझ्यावर एक नणंद आहे

घरात तिला सगळे बारकी म्हणत. धाकटी म्हणून पडलेलं नाव. पुढे ती अशी उंच झाली की आई आणि दादा दोघंही तिच्या खांद्याला लागू लागले, पण नाव काही सुटलं नाही. नवीन माणूस घरी आला आणि दादानं आत हाक मारली, "बारके, चहा आण," की पाहुणा दाराकडे खाली बघायचा आणि मग मान वर करायचा.

बारकी कानांचं शिकत होती. कानांची डॉक्टर नव्हे. माणसाला किती ऐकू येतं ते मोजायचं, कुणाला कुठलं यंत्र बसवायचं ते ठरवायचं, ते यंत्र लावून घ्यायला आजोबांना पटवायचं, असं ते काम. पदवी झाली तेव्हा तिला कानाच्या यंत्रांच्या एका दुकानात नोकरी मिळत होती. पण मोठ्या रुग्णालयात जायचं तर पदव्युत्तर लागतं, आणि त्याची फी ऐकून तिनं दुकानाला हो म्हणायचं ठरवलं होतं. दादानं ते मोडून काढलं. दादा लिफ्ट दुरुस्त करायचा.

"मधल्याच मजल्यावर अडकलेली माणसं कशी बोंबलतात ते मला विचार," तो म्हणाला. "जायचं तर वरपर्यंत जायचं. नाहीतर जिना आहेच."

बँकेचं कर्ज काढलं. जामीनदार दादा. बारकी शिकत असेपर्यंत नुसतं व्याज भरायचं, ते दादा भरणार, आणि तिला नोकरी लागली की हप्ते तिचे. वहिनीला विचारलं होतं. वहिनी एका चष्म्याच्या दुकानात मागच्या बाजूला बसून काचा घासायची. ती म्हणाली, "भरा की. तुमच्या हातात पैसे राहिले तर तुम्ही दुसरी मोटारसायकल आणाल, त्यापेक्षा कान बरे."

पहिलं वर्ष असं गेलं.

वर्ष संपत आलं होतं आणि बारकी आवाजबंद खोलीबाहेर बसून एका म्हाताऱ्या गृहस्थांची तपासणी करत होती. ही खोली म्हणजे जाड भिंतींचं, फ्रिजसारख्या दाराचं एक कपाटच असतं. आत माणूस हेडफोन लावून बसतो, बाहेरून त्याला बारीक आवाज सोडायचे, ऐकू आला की त्यानं हातातलं बटण दाबायचं. गृहस्थांनी आयुष्य कापडाच्या गिरणीत काढलेलं. त्यांना खालच्या पट्टीतले आवाज येत होते, वरच्या पट्टीतले येत नव्हते. बारकीचा फोन नियमाप्रमाणे बाहेरच्या खोलीत, टोपलीत होता.

तपासणी झाली, ती बाहेर आली, तर फोनवर वहिनीचे कॉल एकाखाली एक. मामाचाही होता. मामा कधी फोन करत नाही. तिला तिथेच काय ते समजलं, किंवा समजलं असं तिला नंतर वाटलं. तिनं फोन परत टोपलीत ठेवला, गृहस्थांचा तक्ता पूर्ण काढला, त्यांच्या मुलीला तो समजावून सांगितला, यंत्राच्या दोन प्रकारांतला फरक सांगितला, आणि मग वहिनीला फोन लावला.

"बारके," वहिनी म्हणाली, "ते पडले गं."

दादा एका कचेरीच्या इमारतीत लिफ्टच्या छतावर उभा राहून काम करत होता आणि तिथून खाली गेला. कंपनीचं म्हणणं, त्यानं कमरेचा पट्टा लावला नव्हता. त्याच्याबरोबर काम करणारा जोडीदार नंतर घरी आला, बूट न काढता दारातच बसला, आणि म्हणाला, "पट्टे दोन होते. माणसं तीन होतो." हे तो कंपनीसमोर बोलला नाही. त्यालाही घर होतं. कंपनीनं वहिनीला काही पैसे दिले, भरपाई म्हणून नव्हे, माणुसकी म्हणून, आणि पुढे काही मागणार नाही अशी सही घेतली. माणुसकीवर सही घेतात हे त्या दिवशी सगळ्यांना कळलं.

बारकी रडली नाही. शेजारच्या बायका म्हणाल्या, धीराची पोर आहे. धीर वगैरे काही नव्हता. दातांच्या डॉक्टरनं इंजेक्शन दिल्यावर गाल कसा होतो ना, तसं झालं होतं. बोट लावलं तर गाल आहे हे बोटाला कळतं, गालाला कळत नाही. ती खुर्च्या हलवत होती, आलेल्यांना पाणी देत होती, कुणी गळ्यात पडलं तर त्याच्या पाठीवरून हात फिरवत होती. आई भिंतीला टेकून बसली होती ती बसलीच. वहिनी एकदा तिच्या कानाशी येऊन म्हणाली, "तू जेवलीस का?" बारकीला आठवेना. "मलाही आठवत नाही," वहिनी म्हणाली. मग दोघी आत गेल्या आणि उभ्यानंच पाव खाल्ला.

पुढच्या महिन्यात बारकी कॉलेजच्या शहरात परत गेली, कारण परीक्षा होती आणि तिकीट काढलेलं होतं. परीक्षा दिली. मग बँकेतून बोलावणं आलं.

कर्जाच्या टेबलावरचा कारकून तरुण होता, सभ्य होता, आणि त्याला वाईट वाटत होतं. त्यामुळे तो फारच हळू बोलत होता.

"जामीनदार वारले असतील तर दुसरा जामीनदार लागतो. तोपर्यंत दुसऱ्या वर्षाची रक्कम सोडता येत नाही."

"कधीपर्यंत?"

"कॉलेजची मुदत असेल तोपर्यंत. म्हणजे तुमच्या सोयीनं."

"दुसरा कसा असायला लागतो?"

"कमावता. आणि..." तो अडखळला. "जिवंत" हा शब्द त्याच्या तोंडापर्यंत आला होता हे बारकीला दिसलं. "आणि शक्यतो जवळचा," तो म्हणाला.

जवळचा आणि कमावता असा मामाच होता. मामाचं टायरचं दुकान चांगलं चालायचं. बारकीनं त्याला फोन केला, तर त्यानं आधी आईची चौकशी केली, मग हवेची, मग पुन्हा आईची. विषय निघाल्यावर म्हणाला, "अगं, माझी सही हल्ली जुळत नाही. हात थरथरतो. बँकेनं दोनदा चेक परत पाठवला."

"अंगठा चालतो म्हणाले, मामा."

हे बारकी गंमत म्हणून बोलली नव्हती. तिनं खरंच कारकुनाला विचारून ठेवलं होतं. पलीकडून मामा म्हणाला, "बघतो, मामीशी बोलतो." मामीशी त्याचं बोलणं अजून व्हायचंय. पोरीच्या कानांचा विषय काढला की तो आपल्या कानांवर हात ठेवायचा.

बारकीला राग आला नाही. तिनं त्या कानाच्या दुकानाला फोन करून जागा अजून रिकामी आहे का ते विचारलं. ती नव्हती. तेही तिनं ऐकून घेतलं आणि आभार मानून फोन ठेवला.

हे सगळं वहिनीला आईकडून कळलं. तेव्हा वहिनीला तिच्या वडिलांनी माहेरी नेलं होतं. तिनं दुकानातून अर्ध्या दिवसाची सुट्टी काढली, बस पकडली, आणि बारकीच्या कॉलेजच्या शहरात बँकेच्या दारात येऊन उभी राहिली. पाठोपाठ तिचे वडीलही आले, दुसऱ्या बसनं. ते निवृत्त ड्रॉइंग मास्तर होते, आणि रागावले तरी शुद्धलेखन सांभाळून रागवायचे.

"तू आता त्या घराची कोण लागतेस, याचा विचार केला आहेस का?" त्यांनी कारकुनासमोरच विचारलं.

"वहिनी लागते," वहिनी म्हणाली.

"लागत होतीस. तुझं वय काय? उद्या तुझं काही ठरवायचं म्हटलं तर समोरच्यांना काय सांगायचं? मुलीच्या डोक्यावर परक्या पोरीचं कर्ज आहे?"

बारकी त्या दोघांच्या मधल्या खुर्चीत बसली होती. परकी पोर हा शब्द तिच्याबद्दल होता हे तिला समजलं. तिच्या मनात फक्त एवढंच आलं की पंखा वर एकदा टक करतो आणि मग दोन फेऱ्या गप्प असतो.

"काका बरोबर बोलतात, वहिनी," ती म्हणाली. "मी करते काहीतरी."

"काय करतेस?"

बारकी पंख्याकडे बघत राहिली.

"मग गप्प बस," वहिनी म्हणाली आणि कारकुनाकडे वळली. "कुठे करायची?"

तिनं तीन ठिकाणी सह्या केल्या. काचा घासणाऱ्या माणसाचा हात स्थिर असतो. मास्तर खिडकीकडे तोंड करून उभे राहिले. बाहेर आल्यावर त्यांनी तिघांसाठी चहा मागवला, बारकीच्या चहात स्वतःच साखर घातली, पण तिच्याशी बोलले नाहीत.

दुसरं वर्ष सुरू झालं. फी भरली गेली, पण खोलीचं भाडं, जेवण, पुस्तकं, बस, आणि दादा भरायचा ते व्याज, हे सगळं आता बारकीवर होतं. आईच्या पेन्शनमध्ये आईचंच जेमतेम भागत होतं. खोलीत बारकीबरोबर एक वाटेकरीण राहायची. ती रसायनशास्त्र शिकायची, प्रेमात पडायची आणि महिन्याच्या मध्यावर उधार मागायची. तिनं पुढे हे सगळं लोकांना सांगितलं, म्हणून आपल्याला कळलं. बारकीनं बसचा पास बंद केला आणि चालायला लागली. तेल-साबण दोघींत एक. पुस्तकं मागच्या वर्षीच्या मुलींकडून घ्यायची, पेन्सिलीच्या खुणा खोडायच्या आणि त्याच किमतीला पुढच्यांना विकायची. बाजारात दुकानं बंद व्हायच्या सुमाराला जाऊन मऊ पडलेले टोमॅटो आणायचे. आठवड्याच्या सुरुवातीला अंडी उकडून ठेवायची. अंथरूण पाहून पाय पसरावे म्हणतात. बारकीचे पाय तसेही कुठल्याच अंथरुणात मावत नसत, ती गुडघे पोटाशी घेऊन झोपायची.

कमाईही होती. संध्याकाळी दोन मुलांना गणित शिकवायची. आणि विभागात तिचा कान पहिल्या वर्षापासूनच भाड्यानं जायचा. संशोधन करणाऱ्यांना बिघडलेल्या कानांशी ताडून पाहायला चांगले कान लागतात. बारकीचे कान उत्तम होते. आवाजबंद खोलीत बसायचं, बटण दाबायचं, आणि बसल्याचे पैसे घ्यायचे. वाटेकरीण म्हणायची, "तुझं बरं आहे बाई, तू नुसती बसलीस तरी मिळवतेस."

महिनाअखेर तिच्याकडे थोडे का होईना पैसे उरत. ही बातमी विद्यार्थी कल्याणच्या बाईंपर्यंत गेली. या बाई उत्साही होत्या. त्यांच्या खोलीत भिंतभर रंगीत चित्रं होती, त्यात मातीचे गल्ले हसत होते. नवीन मुलांसाठी त्यांनी पैशांच्या नियोजनावर एक तास ठेवला आणि बारकीला बोलायला उभं केलं.

बारकीनं भाडं, जेवण, प्रवास हे सांगितलं. कर्ज घेताना शिकताना काय भरावं लागेल आणि नंतर काय, हे दोन्ही विचारून घ्या, म्हणाली. जामीनदाराला काही झालं तर काय, तेही विचारा. इथपर्यंत ठीक होतं, मुलं लिहून घेत होती.

"पण मन मारायला लागत असेल ना?" बाईंनी हसत विचारलं. "त्याची काही युक्ती सांग."

बारकीनं विचार केला. तिला खरं उत्तर द्यायचं होतं.

"मन मारायला लागत नाही," ती म्हणाली. "काही नको असलं की जमतं. मला दुकानात काही बघून हवं असं वाटत नाही. भूक लागते, पण अमुक एक खावं असं वाटत नाही. तसं झालं की पैसे राहतात."

मागून एका मुलानं विचारलं, "म्हणजे सिनेमा वगैरे?"

"नाही वाटत."

"आणि मित्रमैत्रिणी?"

"त्या बोलतात. मी ऐकते."

बाईंनी घाईघाईनं टाळ्या वाजवल्या. मुलांनीही वाजवल्या. दारात बाई तिला म्हणाल्या, "तू मला येऊन भेट हं, केव्हाही." बारकी बरं म्हणाली. ती गेली नाही, कारण काय बोलायचं ते तिला ठाऊक नव्हतं, आणि त्या वेळात एक शिकवणी बसायची.

हिवाळ्याच्या तोंडावर एका संशोधक मुलानं तिच्या मार्गदर्शक बाईंना गाठलं. या बाई म्हणजे विभागातलं मोठं प्रस्थ, बोलायला खडखडीत, रागावल्या की चष्मा काढायच्या. तो म्हणाला, हिचे आकडे बिघडलेत. गेल्या वर्षी हिला मुंगीचं पाऊल ऐकू येत होतं, आता मध्यम आवाजही हुकतायत.

बाईंनी बारकीला स्वतः खोलीत बसवलं. आकडे खरंच वाईट आले. मग त्यांनी दुसरी तपासणी केली, ज्यात माणसाला बटण दाबावं लागत नाही. डोक्याला तारा चिकटवतात, माणूस पडून राहतो, आणि कानापासून मेंदूपर्यंत आवाज पोचतो की नाही हे यंत्रच बघतं. पडद्यावरची रेघ सुरेख उमटली. आवाज पोचत होता, अगदी बारीकसुद्धा.

बारकीनं तो कागद पाहिला आणि तिला अर्थ कळला. असे रुग्ण तिनं पुस्तकात वाचले होते. कान ठीक, माणूस ऐकत नाही. पुस्तकात लिहिलं होतं, अशा रुग्णाला खोटारडा म्हणू नये.

"मी मुद्दाम नाही करत," ती म्हणाली.

"माहीत आहे मला," बाई म्हणाल्या. त्यांनी चष्मा काढला नाही. "आवाज येतो तेव्हा काय होतं?"

"आत कुठेतरी वाजल्यासारखं होतं. मग मला वाटतं, ते माझ्यासाठी आहे का? तोपर्यंत गेलेला असतो."

बाई तिच्या डोक्यावरच्या तारा एकेक करून काढत होत्या. कपाळावरचं चिकट मलम त्यांनी ओल्या कापसानं पुसलं.

"कोण गेलं तुझं?"

"भाऊ. गेल्या वर्षी."

"आणि तू रजा किती घेतलीस?"

"परीक्षा होती."

बाई काही शहाणपणाचं बोलल्या नाहीत. त्या म्हणाल्या, "चांगला कान म्हणून तुला आता बसवता येणार नाही, ते पैसे बंद. खालच्या खोलीत कानाचे साचे करायला माणूस हवाय. पैसे कमी मिळतात. हात लागतात, कान नाही. उद्यापासून ये."

त्या रविवारी वहिनीचा फोन आला. ती दर रविवारी करायची, आईची खबर द्यायला. तिचं माहेर आईच्या घरापासून दोन बसथांब्यांवर होतं आणि ती अधूनमधून आईकडे जाऊन टीव्ही बघत बसायची. आई टीव्ही आवाज बंद करून बघत असे. बारकीनं वहिनीला आपल्या कानाचं सांगितलं. दुसऱ्या कुणाच्या गोष्टीसारखं सांगितलं.

वहिनी म्हणाली, "मला चव लागत नाही."

"कधीपासून?"

"तेव्हापासूनच. परवा भाजीत मीठ दोनदा पडलं. बाबा म्हणाले, समुद्राला भेटून आलीस का? मी तीच भाजी वाटीभर खाल्ली होती."

"डॉक्टरला दाखव."

"दाखवलं. जीभ चांगली आहे म्हणाला."

मग वहिनी म्हणाली, तुझं बिल वाढेल, आणि फोन ठेवून दिला. फोन तिनंच केला होता.

साच्यांचं काम बारकीला जमलं. रुग्णाच्या कानात मऊ लगदा भरायचा, तो घट्ट झाला की काढायचा, त्यावरून साचा करायचा, कडा घासून गुळगुळीत करायच्या. दोन माणसांचे कान सारखे नसतात. एकाच माणसाचे दोन कानही नसतात. ती तासन्तास घासत बसे. कुणाशी बोलावं लागत नसे आणि वेळ कसा गेला ते कळत नसे. शेवटची परीक्षा जवळ आली तशी एका दुपारी वहिनी भलत्याच वारी फोनवर आली.

"बारके, मी लग्न करतेय."

बारकी हातातला साचा तसाच धरून उभी राहिली.

"दुकानात चष्मा करायला आला होता. शाळेच्या बसेसचं वेळापत्रक लावतो. एक डोळा कमजोर आहे, बाकी ठीक आहे." वहिनी भराभर बोलत होती. "मी पहिल्याच दिवशी सांगितलं त्याला. म्हटलं, बाकी माझ्याकडे देणंघेणं काही नाही, पण माझ्यावर एक नणंद आहे."

"म्हणजे?"

"म्हणजे तुझी जामीनकी. ती सही तशीच राहणार. तुला हे सांगायला फोन केला, नाहीतर तू परीक्षेत तेच घोकत बसशील."

"तो काय म्हणाला?"

"म्हणाला, नणंद किती उंच आहे? मी म्हटलं, का? तर म्हणतो, घरात पोटमाळ्यावरचं सामान काढायला माणूस लागतो."

बारकीला हसू आलं असं नाही, पण हसण्याची ही जागा आहे हे तिला कळलं, आणि ती हसली. मग विचारलं, "आईला सांगितलंस?"

"आधी त्यांनाच. त्या म्हणाल्या, माझा हात धरून म्हणाल्या, की, माझा मुलगा रात्री पांघरूण ओढायचा, हा ओढत नसला तर बरं." वहिनीचा आवाज इथे पहिल्यांदा बारीक झाला. "मग टीव्हीचा आवाज त्यांनी लावला थोडा."

लग्न कचेरीत झालं. त्याच दिवशी बारकीची तोंडी परीक्षा होती, म्हणून ती लग्नाला गेली नाही. निकाल चांगला लागला. ती आईला फोनवर निकाल सांगत होती, तेव्हा वाटेकरीण तिच्या गळ्यात पडून रडली, कारण तिला कुणीतरी रडायला हवं असं वाटलं.

शहरातल्याच एका रुग्णालयात नोकरी लागली. पहिला पगार झाला, त्यातून आईला पाठवले, हप्ता भरला, उरलेल्या पैशांकडे बघत ती थोडा वेळ बसली. काही घ्यावं का? शेवटी उशीचा एक अभ्रा घेतला, कारण जुना फाटला होता. दिवस सरळ जात होते. लहान मुलांना यंत्र बसवायचं, ती दचकतात का बघायचं, आयांना रडू द्यायचं. ती या कामात चांगली होती. आया म्हणत, ताई किती शांत आहेत.

चौथ्या की पाचव्या महिन्यात रुग्णालयाचे पगार लांबले. आज होतील, उद्या होतील म्हणता म्हणता हप्त्याची तारीख गेली. बारकीनं बँकेत जाऊन सांगितलं होतं, पण सांगितलेलं टेबलावरच राहिलं, आणि बँकेनं जामीनदाराला फोन केला. तो फोन वहिनीच्या नव्या घरात वाजला, आणि तिच्या नव्या सासूबाईंनी उचलला. वहिनीनं दुसऱ्या दिवशी हप्ता भरून टाकला. बारकीला तिनं कळवलंच नाही. जामीनदाराला फोन केल्यावर पैसे जमा झाल्याचा निरोप बँकेकडून आला तेव्हा बारकी एका बाळाला तपासत होती.

तिचे कान एकदम तापले. मग गाल, मग मान. असं काही अंगावर येऊन तिला दीड वर्ष तरी झालं असेल. तिला इतकी लाज वाटली की तिनं बाळाला आईच्या मांडीवर दिलं, "एक मिनिट हं," म्हणाली आणि बाहेर व्हरांड्यात जाऊन भिंतीला हात लावून उभी राहिली. वहिनी त्या नव्या घरात, अनोळखी माणसांत, फोनपाशी कशी उभी राहिली असेल ते तिला स्वच्छ दिसलं. त्यामागोमाग दादाही दिसला, चहाचा कप हातात घेऊन दाराला टेकलेला. तो दिसल्यावर तिला रडू आलं, फार नाही, पण आलं. मग ती आत गेली आणि बाळाचा दुसरा कान तपासला.

पगार झाला त्या रविवारी ती पैसे घेऊन वहिनीच्या घरी गेली. तिसऱ्या मजल्यावर घर, खाली सायकली, जिन्यात कुणाच्या तरी ओल्या छत्र्या. वहिनीनं दार उघडलं. ती थोडी जाड झाली होती. चेहऱ्यावर पीठ होतं.

"आधी का नाही सांगितलंस?" बारकी दारातच म्हणाली. "मी काय मेले होते?"

हे बोलून ती स्वतःच थबकली. वहिनीही थबकली. मग वहिनी म्हणाली, "भांडायला आलीस ना? ये, आत येऊन भांड. बरं वाटलं."

पैसे वहिनीनं मोजून घेतले, नको नको केलं नाही. नवरा घरी होता, बुटका, हसरा, जाड काचेच्या चष्म्याचा. त्यानं बारकीकडे खालून वर पाहिलं आणि म्हणाला, "पोटमाळा नंतर बघू. आधी जेवा." जेवताना वहिनीनं विचारलं, मीठ बरोबर आहे का? बारकी म्हणाली, किंचित कमी. वहिनी म्हणाली, "मलाही तसंच वाटलं," आणि मिठाचा डबा पुढे सरकवला.

जेवणानंतर बारकी सोफ्यावर टेकली आणि कधी झोपली ते तिला कळलं नाही. पाय सोफ्याबाहेर लोंबत होते. जाग आली तेव्हा खोलीत उन्हं तिरपी झाली होती, आतल्या खोलीत भांड्यांचा आवाज होता, आणि बाहेरून नुकत्याच आलेल्या सासूबाई तिच्याकडे बघत उभ्या होत्या.

"कोण गं ही?" त्यांनी आत विचारलं.

"माझी नणंद," वहिनी आतून म्हणाली.

"मला तर मुलगी नाही."

"अहो, आधीची. बँकेचा फोन आला होता ना, ती."

सासूबाईंनी जरा विचार केला. "बरीच लांब आहे," त्या म्हणाल्या, आणि बारकीच्या पायाशी एक खुर्ची आणून ठेवली. बारकीनं डोळे मिटूनच पाय त्यावर घेतले. तिची बस संध्याकाळी होती. तिनं ती जाऊ दिली आणि नंतरच्या बसनं गेली.